बेसमेंटमधली खोकी पोस्टात टाका : महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र

प्रति,
उत्तर अमेरिकेतील सर्व महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
आणि बृहन्महाराष्ट्र मंडळाचे पदाधिकारी

स.न.वि.वि.

पत्रास कारण की, तुमच्यापैकी बहुतेकांच्या बेसमेंटमध्ये किंवा गराजच्या फळीवर मराठी सिनेमा-नाटकांच्या डिस्कचं एक तरी खोकं पडून आहे. माझ्याकडे आहे. शेजारच्या गावातल्या डॉक्टर जोडप्याकडे आहे. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब घर विकून फ्लोरिडाला गेलं, त्यांनी जाताना दोन खोकी 'कुणाला हवीत का' म्हणून ग्रुपवर टाकली. अंगठे पुष्कळ आले, न्यायला कुणी आलं नाही. शेवटी ती थ्रिफ्ट स्टोअरच्या दारात गेली. अमेरिकन थ्रिफ्ट स्टोअरमध्ये मराठी नाटकाची व्हीसीडी कोण घेणार?

माझी मागणी सरळ आहे. ही खोकी मंडळांनी मागून घ्यावीत, सगळ्यांची मिळून एकच यादी करावी, आणि त्यातल्या डिस्क सभासदांना पोस्टाने पाठवायची सोय सुरू करावी. ही सोय न्यू जर्सी, बे एरिया किंवा शिकागोसाठी मागत नाही. त्यांच्याकडे दौऱ्यावरची नाटकं येतात, थिएटरला मराठी सिनेमा लागतो, आणि नाही लागला तरी गप्पा मारायला माणसं आहेत. मी बोलतोय ते जिथे चकलीच्या भाजणीसाठी दोन तास गाडी हाकावी लागते अशा गावांबद्दल. आयोवातल्या तसल्याच एका गावात मी राहतो.

"पोस्टाने सिनेमा? आजच्या काळात?" हा प्रश्न मला इथे बसून ऐकू येतोय. म्हणून जरा मागे जातो. या देशात हा उद्योग पंचवीस वर्षं चालला, कोट्यवधी लोकांनी तो वापरला. त्या गिऱ्हाइकांना जे भलेबुरे अनुभव आले, त्यांतच आपण काय करायचं आणि काय टाळायचं याची जवळजवळ सगळी उत्तरं आहेत.

डीव्हीडी अमेरिकेत आली मार्च 1997 मध्ये. त्याआधी सिनेमा घरी आणायचा म्हणजे व्हीएचएस कॅसेट. ती पोस्टाने पाठवणं परवडत नव्हतं, कारण जड. डीव्हीडीचं वजन सोळा ग्रॅमच्या आसपास, पाकिटासकट एका औंसात बसते. रीड हेस्टिंग्ज आणि मार्क रँडॉल्फ या दोघांनी हे ओळखलं. हाताशी डीव्हीडी नव्हती म्हणून त्यांनी गाण्याची एक सीडी ग्रीटिंग कार्डाच्या पाकिटात घातली आणि सांताक्रूझला हेस्टिंग्जच्याच घरी पोस्ट केली. दुसऱ्या दिवशी ती न मोडता पोचली. एवढ्या पुराव्यावर उभी राहिलेली नेटफ्लिक्स 14 एप्रिल 1998 रोजी सुरू झाली तेव्हा यादीत 925 सिनेमे होते, म्हणजे त्या वेळी डीव्हीडीवर मिळणारे जवळपास सगळेच. (हेस्टिंग्जला सिनेमा उशिरा परत केल्याबद्दल चाळीस डॉलर दंड झाला आणि त्या रागातून कंपनी निघाली, ही कथा तुम्ही ऐकली असेल. ती सांगायला सोयीची आहे, तशी घडलेली नाही, हे रँडॉल्फनेच नंतर सांगून टाकलं. आपल्याकडे संस्थांच्या स्मरणिकांत असतात तसल्याच कथा.)

सुरुवातीला दर डिस्कचे पैसे आणि उशिराचा दंड असा नेहमीचाच मामला होता. खरा फरक पडला 1999 मध्ये, महिन्याची वर्गणी आल्यावर. डिस्क हवी तितके दिवस ठेवा, दंड नाही, फक्त ती परत आल्याशिवाय दुसरी निघणार नाही. हा नियम ज्याने काढला त्याला मानलं पाहिजे. दंडाची भीती गेली, आणि तरीही डिस्क परत येत राहिल्या, कारण ती अडवून धरण्यात नुकसान गिऱ्हाइकाचंच. मंडळाच्या ग्रंथपेटीचे हिशेब ज्यांनी ठेवलेत त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. पुस्तकं दंडाने परत येत नाहीत, उलट दंड साचला की लोक तोंड चुकवायला लागतात.

नव्वदीच्या अखेरीस आलेल्या आपल्या सॉफ्टवेअरवाल्या पिढीने नेटफ्लिक्सचं ते लाल पाकीट भरपूर पाहिलंय. मेलबॉक्समध्ये बिलांच्या आणि पिझ्झाच्या कुपनांच्या मधून लाल कड दिसायची. वरची पट्टी फाडली की आत पांढरा, न फाटणारा लिफाफा, त्यावर सिनेमाचं नाव आणि चार ओळींत गोष्ट. तेच पाकीट उलटून, चिकटवून परत टाकायचं, तिकीट आधीच भरलेलं. पाकीट कसं दुमडायचं हे कुणी शिकवावं लागलं नाही. त्या पाकिटाचे आधी किती प्रकार करून पाहिले गेले याच्या हकिगती प्रसिद्ध आहेत: पुठ्ठ्याचं, कागदाचं, मोठं, छोटं. काही फाटायची, काही पोस्टाला महाग पडायची. आपल्यालाही पाकिटावरच आधी डोकं चालवावं लागेल, ते पुढे सांगतो.

आणि ती रांग! आपल्या नावावर हव्या त्या सिनेमांची यादी लावून ठेवायची, वरचा सिनेमा आधी येणार. घरोघर त्यावरून भांडणं झाली. नवऱ्याने रात्री गुपचूप आपला मारधाडीचा सिनेमा वर सरकवला, बायकोने सकाळी तो खाली ढकलला. यावर उपाय म्हणून एका खात्यात वेगवेगळ्या याद्या ठेवायची सोय होती. जून 2008 मध्ये कंपनीने ती बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा गिऱ्हाइकांनी इतका आरडाओरडा केला की थोड्याच दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. म्हणजे साध्या यादीतही माणसांचा जीव गुंतलेला असतो. ज्याच्या नावावर यादी, त्यानेच तिचा क्रम ठरवायचा, हा नियम आपण पहिल्या दिवसापासून ठेवावा. 'समितीने निवडलेला महिन्याचा चित्रपट' वगैरे कृपया नको.

आता वाईट बाजू, कारण कौतुक पुष्कळ लोकांनी केलंय.

पहिली तक्रार फुटक्या डिस्कची. पोस्टाची छाननी यंत्रं पत्रं वेगाने पट्ट्यांतून आणि रुळांवरून वळवत नेतात. साधं पत्र वाकतं, डिस्क वाकत नाही, तडकते. शिवाय त्या पाकिटांची मऊ कड यंत्रात अडकायची. पोस्टाच्या महानिरीक्षक कार्यालयाने नोव्हेंबर 2007 मध्ये अहवाल दिला, त्यात परत येणाऱ्या पाकिटांपैकी सुमारे 70 टक्के हातानेच हाताळावी लागत असल्याचं आणि त्यापायी पोस्टाला दोन वर्षांत 4 कोटी 15 लाख डॉलरचा भुर्दंड पडल्याचं नोंदवलंय. पोस्टाने तरी त्या एका मोठ्या गिऱ्हाइकाची पाकिटं जादा पैसे न घेता हाताने हाताळली. व्हिडिओ गेमच्या डिस्क पोस्टाने भाड्याने देणारी गेमफ्लाय ही छोटी कंपनी मात्र डिस्क फुटू नयेत म्हणून मोठ्या पाकिटाचा चढा दर भरत होती. तिने 2009 मध्ये टपाल नियामक आयोगाकडे तक्रार केली, आणि जानेवारी 2013 मध्ये अपील न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. हे मुद्दाम सांगतोय, कारण मंडळाचा खजिनदार खिडकीवर गेला तर त्याची गणती लहानांतच होणार. आपल्या डिस्क यंत्रात जाणार आहेत असं धरूनच चालायचं.

दुसरी तक्रार याहून गंभीर. काही गिऱ्हाइकं डिस्क आली की त्याच रात्री बघून सकाळी परत टाकायची. महिन्याच्या ठरावीक पैशात ती भरपूर सिनेमे बघून घ्यायची, आणि प्रत्येक फेरीचं टपाल कंपनीच्या खिशातून. मग या लोकांच्या लक्षात आलं की आपल्याला नव्या डिस्क उशिरा येतात, नवे सिनेमे तर येतच नाहीत. संथपणे बघणाऱ्या शेजाऱ्याला मात्र तोच सिनेमा दुसऱ्या दिवशी मिळतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात 2004 मध्ये फ्रँक चावेझ नावाच्या ग्राहकाने सर्वांच्या वतीने दावा लावला. नंतर कंपनीच्या अटींतच लिहिलं गेलं की कमी सिनेमे मागवणाऱ्यांना प्राधान्य दिलं जातं. तडजोडीत ग्राहकांना मिळालं काय, तर एका महिन्याची थोडी वरच्या दर्जाची सेवा. वकिलांचं पोट भरलं असेल.

मला त्यात कंपनीचा हिशेब समजतो. 'अमर्याद' म्हणून विकलेल्या गोष्टीला मर्यादा असतेच. राग येतो तो ती लपवल्याचा. मंडळाला महिन्याला एका घरी दोनच गठ्ठे पाठवणं परवडत असेल तर तसं ठळक लिहा. मराठी माणूस दोन गठ्ठे ऐकून कुरकुर करेल आणि गप्प बसेल. तिसरा मागितल्यावर 'स्टॉक नाही' असं खोटं सांगितलंत तर मात्र तो पुढच्या गणपतीत सगळ्यांसमोर विचारेल.

तिसरी तक्रार हळूहळू वाढत गेली. हरवलेल्या, घासलेल्या डिस्कच्या जागी नव्या घेणं कमी झालं. जुन्या, कमी खपाच्या सिनेमांपुढे 'फार मोठी प्रतीक्षा' असा शिक्का दिसू लागला आणि तो महिनोन्‌महिने हलेना. एके काळी यादीत एक लाखाहून जास्त सिनेमे होते. ती यादी शेवटी शेवटी कागदावरच मोठी राहिली. ऑनलाइन प्रक्षेपण जानेवारी 2007 मध्ये सुरू झालं होतं, कंपनीचं लक्ष तिकडे वळलं. जुलै 2011 मध्ये दोन्ही सेवांचे पैसे वेगळे केल्याने दहा डॉलरचं काम सोळावर गेलं, सप्टेंबरात डिस्कचा धंदा वेगळ्या नावाने काढायची घोषणा झाली, ऑक्टोबरात ती रद्द झाली, आणि जुलै ते सप्टेंबर या एका तिमाहीत आठ लाख ग्राहक सोडून गेले. 29 सप्टेंबर 2023 रोजी शेवटच्या डिस्क निघाल्या. पंचवीस वर्षांत 520 कोटी डिस्क गेल्या होत्या. ज्यांच्याकडे त्या वेळी डिस्क होत्या त्यांना त्या ठेवून घ्यायला सांगितलं. एवढी मोठी सूट एरवी कुठली कंपनी देते?

त्या लाल पाकिटात मराठी माणसासाठी फारसं काही नसे. हिंदी सिनेमे असत, तेही गाजलेले. मराठीसाठी माझा आधार होती दुसऱ्या राज्यातली एक छोटी कंपनी, हिंदी-मराठी-गुजराती डिस्क पोस्टाने भाड्याने देणारी. नाव घेत नाही. आता ती नाही आणि चालवणाऱ्यांनी ती चांगल्या हेतूनेच काढली असावी. पण अनुभव सांगतो, कारण तो टाळायचा आहे.

आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आली होती. हिवाळा. बाहेर उणे तापमान, आम्ही दोघं कामावर, नात शाळेत, आणि ती दिवसभर घरात एकटी. टीव्हीवरचं इंग्रजी तिला नको होतं. तेव्हा मी त्या कंपनीत पैसे भरले, वर अनामतही. पोस्टमन अकराच्या सुमारास येतो हे आईने दोन दिवसांत हेरलं आणि खिडकीशी खुर्ची टाकली. त्याचं नाव तिला उच्चारता येईना, म्हणून ती त्याला 'भाऊ' म्हणायची. तोही हात करायचा. पाकीट आलं की चहा ठेवून ती आधी वरचं निवेदन वाचायची, निर्माता, नेपथ्य, प्रकाशयोजना, सगळं. मग संध्याकाळपर्यंत डिस्क तशीच ठेवायची, मी येईपर्यंत. प्लेअरला हात लावायला ती घाबरायची असं मला वाटे. खरं कारण तिने नंतर सांगितलं: नाटक एकटीने बघायचं नसतं.

एकदा तिने मागवलेलं तीन अंकी नाटक आलं. तीन व्हीसीडींचा संच. पहिला अंक झाला, मी दुसरी डिस्क घातली तर तिसरा अंक सुरू. पाकिटात पहिली डिस्क एक आणि तिसरी दोन होत्या, मधलीचा पत्ता नाही. कंपनीला फोन केला तर 'परत पाठवा, आल्यावर बघू'. आईने मला प्लेअर बंद करायला लावला आणि दुसरा अंक स्वतः सांगितला. ते नाटक तिने दादरला शिवाजी मंदिरात पाहिलं होतं, मी व्हायच्या आधी. कोण कुठल्या दाराने आत येतो, प्रेक्षक कुठे हसतात, कुठल्या वाक्यावर टाळी पडते, सगळं. मग म्हणाली, आता लाव तिसरा. मधली डिस्क आम्हाला कधीच मिळाली नाही, आणि कंपनी बंद पडली तेव्हा अनामतही नाही. अनामतीचं मला आज काही वाटत नाही. त्या संचाच्या मधल्या डिस्कचं वाटतं. ती अशाच कुणाच्या तरी खोक्यात एकटी पडलेली असणार.

यातून एक गोष्ट पक्की करा. पाठवताना आणि परत घेताना डिस्क उघडून बघायची, फक्त वेष्टन मोजायचं नाही. लाल पाकीटवाल्यांच्या गोदामांतही बरीच वर्षं हजारो डिस्क माणसंच हातात घेऊन, पुसून, चरे बघून पुढे ढकलत. तरीही चुकीच्या लिफाफ्यात चुकीची डिस्क ही ग्राहकांची नित्याची तक्रार होती. आपलं काम शंभर-दोनशे डिस्कचं आहे. दोन निवृत्त माणसं आणि एक मऊ फडकं पुरेल. आणि सभासदाने 'डिस्क चालत नाही' म्हटलं तर त्याच्यावर विश्वास ठेवून दुसरी पाठवायची. नेटफ्लिक्स याच विश्वासावर मोठी झाली, आणि आपल्या यादीतले लोक तर एकमेकांना निदान नावाने ओळखतात.

आता कायदा, कारण कार्यकारिणीत एक तरी सदस्य 'हे बेकायदेशीर तर नाही ना' म्हणून विषय पुढच्या बैठकीत ढकलणार. मी वकील नाही, तरी सर्वांना उघड असलेली गोष्ट सांगतो. अमेरिकेच्या स्वामित्व हक्क कायद्याचं 109 वं कलम म्हणतं की रीतसर बनवलेली प्रत तुम्ही विकत घेतली की ती प्रत पुढे विकायला किंवा उसनी द्यायला हक्कधारकाची परवानगी लागत नाही. व्हिडिओ लायब्रऱ्या याच आधारावर चालल्या. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हॉलिवूडने भाड्यासाठी परवानगी सक्तीची करायची खटपट केली, ती बारगळली. गाण्यांच्या उद्योगाला मात्र 1984 मध्ये यश आलं, म्हणून नफ्यासाठी गाण्यांच्या सीडी भाड्याने देता येत नाहीत. तेव्हा खोक्यातून भावगीतांच्या सीडी निघाल्या तर त्या सध्या बाजूला ठेवा.

पण आपल्या डिस्क तर भारतात विकत घेतलेल्या! त्याचंही उत्तर 2013 मध्ये मिळालं. सुपाप किर्तसेंग हा थायलंडचा विद्यार्थी घरच्यांकडून तिकडची स्वस्त पाठ्यपुस्तकं मागवून इथे विकायचा. प्रकाशकाने खटला भरला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला की परदेशात रीतसर बनलेल्या प्रतीलाही हाच नियम लागू. म्हणजे लक्ष्मी रोडवर घेऊन, साड्यांच्या घडीत ठेवून आणलेली व्हीसीडी तुम्ही आयोवातल्या माणसाला बिनदिक्कत उसनी देऊ शकता.

अट एकच, ती प्रत अस्सल हवी. आणि इथे जरा अवघड बोलावं लागणार आहे. आपल्या खोक्यांमधल्या बऱ्याच डिस्क इंडियन ग्रोसरीच्या काउंटरवरून आलेल्या, वर मार्करने नाव लिहिलेल्या आहेत. त्या अजिबात घेऊ नका, मग सिनेमा कितीही दुर्मीळ असो. त्याचप्रमाणे हॉल घेऊन शंभर लोकांना सिनेमा दाखवणं याला वेगळी परवानगी लागते, घरी बघण्याची मुभा तिथे चालत नाही. आणि कुणी उत्साही तरुण 'मी सगळं कॉपी करून ड्राइव्हवर टाकतो' म्हणाला तर त्याचे आभार मानून त्याला यादी टाइप करायला बसवा. उसनं देणं वेगळं, प्रती काढणं वेगळं.

या 109 व्या कलमामुळेच डिस्कची यादी एक लाखावर जाऊ शकली. ऑनलाइन प्रक्षेपणाला दर सिनेमासाठी करार लागतो, तो मुदतीचा असतो, देशागणिक वेगळा असतो. करार संपला की सिनेमा गेला. त्यामुळे 'आता सगळं ओटीटीवर आहे' हे वाक्य मराठीच्या बाबतीत बोलायला फार धाडस लागतं. नवे सिनेमे येतात, चांगलं आहे. जुन्यांतले कित्येक यूट्यूबवर आहेत, त्यातले काही हक्कधारकांनीच टाकलेत, तेही चांगलं. पण पडद्याच्या कडा कापलेल्या, मध्येच गाणं गायब, कोपऱ्यात तिसऱ्याच कुणाचा शिक्का, आणि ऐन रडण्याच्या प्रसंगी साबणाची जाहिरात, हे तुम्हीही बघितलंय. नाटकांचं तर विचारूच नका.

आता खर्च. भारतातल्या मोझर बेअर कंपनीने 2007 च्या सुमारास व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढली होती, तेव्हा आपण सुट्टीवर गेलो की मूठभर उचलायचो. तीच डिस्क पोस्टाने पाठवायला तिच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे लागणार, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणून एकेक डिस्क पाठवायचा नाद करू नये. एका घरी पाच-सहा सिनेमांचा गठ्ठा पाठवावा, पुठ्ठ्याच्या खोक्यात, 'मीडिया मेल'ने. पुस्तकं आणि चित्रफितींसाठी पोस्टाचा हा सवलतीचा दर आहे. पार्सल पोचायला आठवडा लागतो, पण पत्रांच्या छाननी यंत्राशी गाठ पडत नाही. यातलं पार्सल उघडून तपासायचा पोस्टाला अधिकार असतो आणि आत दुसऱ्या वस्तू चालत नाहीत. तेव्हा सोबत चिवड्याची पुडी आणि 'कसे आहात' असं दोन पानी पत्र घालू नका. वहिनी ऐकणार नाहीत हे मला ठाऊक आहे, तरी सांगून ठेवतो.

टपालखर्च सभासदाने द्यावा, मंडळाने फक्त यादी आणि खोकी सांभाळावीत. सिअ‍ॅटलचं स्केअरक्रो व्हिडिओ हे जुनं दुकान 2014 मध्ये ना-नफा संस्था झालं. त्यांच्याकडे एक लाखाहून जास्त सिनेमे आहेत, आणि ते आता देशभर पोस्टाने डिस्क पाठवतात. तिथल्या मराठी मंडळींनी एकदा जाऊन त्यांची पाकिटं आणि नोंदीची पद्धत बघून यावी. विचारलं तर ते सांगतील, सिनेमावेडी माणसं बोलायला उत्सुकच असतात.

सगळ्यात मोठी अडचण यातली कुठलीच नाही, प्लेअर ही आहे. नव्या लॅपटॉपला डिस्कचं तोंडच नसतं. मोठ्या दुकानांनीही डिस्क ठेवणं सोडायला सुरुवात केली, बेस्ट बायने 2024 च्या सुरुवातीला ते बंदच केलं. भारतातल्या डीव्हीडींपैकी काहींवर प्रदेशाचं कुलूप असतं, म्हणजे त्या दुसऱ्या प्रदेशाच्या प्लेअरवर चालत नाहीत; भारत पाचव्या प्रदेशात आणि अमेरिका पहिल्या. भारतातल्या डिस्क पॅल पद्धतीच्या (तिकडच्या टीव्हीची चित्रपद्धत, इथली वेगळी) असल्या तर इथले काही जुने प्लेअर त्या नाकारतात. यावर साधा मार्ग: यूएसबीने जोडायचे बाहेरचे ड्राइव्ह मंडळाने थोडे घेऊन ठेवावेत आणि तेही गठ्ठ्यासारखेच उसने द्यावेत, वेगळ्या पार्सलने. व्हीएलसी हा फुकटचा प्लेअर त्यावर व्हीसीडीही चालवतो. चित्र आजच्या टीव्हीवर धूसर दिसेल, कारण व्हीसीडीत मुळात 352 बाय 288 ठिपक्यांचंच चित्र असतं. नाटकाला ते चालतं, चेहऱ्यापेक्षा आवाज महत्त्वाचा.

मुलांसाठी मात्र यादीत एक रकाना वेगळा ठेवा: इंग्रजी सबटायटल आहेत की नाहीत. व्हीसीडीत ती चालू-बंद करायची सोय नसते, चित्रावरच छापलेली असली तर असतात. डीव्हीडीत बहुधा निवड असते. मराठी शाळेतल्या बारा वर्षांच्या पोराला सबटायटलशिवाय ग्रामीण विनोदी सिनेमा लावून दिला तर ते दहाव्या मिनिटाला उठून जाईल, आणि त्यात त्याचा दोष नाही. शाळेच्या शिक्षिकांनी असे पंधरा-वीस सिनेमे काढून दिले तर त्यांचे गठ्ठे आधी फिरवता येतील.

हे सगळं उत्तम चाललं तरी पाच-सात वर्षांचंच काम आहे, याची मला कल्पना आहे. डिस्क खराब होतात, थर सुटतात, प्लेअर मिळेनासे होतील. पण आज ज्यांच्याकडे आई-वडील सहा महिन्यांसाठी येऊन बसलेत, त्यांचा प्रश्न या हिवाळ्याचा आहे.

माझ्या खोक्याची यादी मी तयार केली आहे, दोन्ही बाजूंनी तपासून: नाव, किती डिस्क, चालते की अडकते, सबटायटल आहेत की नाहीत. आमच्या मंडळाच्या सचिवांकडे ती या पत्रासोबत देत आहे. मिडवेस्टची खोकी ठेवायला माझ्याकडे कोरडी जागा आहे आणि पोस्ट ऑफिस घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथली खिडकी शनिवारी दुपारी बंद होते, तेव्हा पार्सलं शुक्रवारपर्यंतच जातील. इतर भागांसाठी असा एकेक माणूस मिळाला की सुरुवात करता येईल. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, आणि 'इतर विषय'मध्ये नको, कारण तिथवर येईपर्यंत सगळे जेवायला उठलेले असतात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
आयोवातला एक सभासद